रमाबाई रानडे : मुळाक्षरांपासून मताधिकारापर्यंत



स्त्रियांच्या मताधिकाराची गोष्ट निघाली की विलायत-अमेरिकेची नावे आधी ओठांवर येतात. मुंबई इलाख्यात या मागणीचे पुढारीपण रमाबाई रानडे यांच्याकडे होते. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी शिकवावे आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी टोचून बोलावे, असे ते दिवस होते. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, अभ्यासही सोडला नाही.

१९०१ साली वैधव्य आले. पुढे पुण्याच्या सेवासदनात त्यांनी कित्येक स्त्रियांना शिकवून पायांवर उभे केले. मत मागण्याचा अधिकार त्यांच्या वाणीला आला तो या कामातून.

१९२१ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळाले. पण मालमत्ता वा कर यांची अट पुरी करणाऱ्यांनाच. १९२४ साली रमाबाई गेल्या. सावरगावचा हा मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता. येथे तोच मर्यादित हक्क १९२७ साली आला. सर्व प्रौढ स्त्रियांना तो राज्यघटनेने दिला.

मतपेटीपर्यंतची ही वाट एका पाटीपासून निघाली होती. ग्रंथालयाच्या शताब्दीत याचे स्मरण असावे.