नय, दुर्नय आणि अमेरिकेतील दुभंग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पन्नास वर्षांची पूर्तता हा संस्थेच्या जीवनात आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचा क्षण असतो. असाच क्षण एका राष्ट्राच्या जीवनात ४ जुलै १८२६ रोजी आला होता. त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि नियतीचा योग असा की, त्याच दिवशी त्या जाहीरनाम्याचे दोन शिल्पकार काही तासांच्या अंतराने इहलोक सोडून गेले. दुपारी व्हर्जिनियात थॉमस जेफरसन निवर्तले आणि सायंकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन अ‍ॅडम्स. मित्राच्या निधनाची वार्ता अ‍ॅडम्स यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. जेफरसन अजून हयात आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या अखेरच्या दिवशी काढले, असे सांगितले जाते. ज्याचे नाव शेवटच्या क्षणी ओठांवर आले, तोच एके काळी त्यांचा सर्वांत मोठा राजकीय प्रतिस्पर्धी होता.

या दोघांचा वृत्तांत थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. १७७६ मध्ये ते सहकारी होते. पुढे मध्यवर्ती सत्ता किती प्रबळ असावी, फ्रेंच राज्यक्रांतीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, अशा प्रश्नांवरून त्यांचे मार्ग वेगळे झाले. पक्ष बनले, वृत्तपत्रे वाटली गेली आणि १८०० ची निवडणूक अत्यंत कटुतेने लढवली गेली. तीत पराभूत झालेले अ‍ॅडम्स ४ मार्च १८०१ रोजी नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला न थांबता पहाटेच्या अंधारातच राजधानी सोडून गेले. त्यानंतर अनेक वर्षे त्यांच्यात जवळजवळ अबोलाच होता. जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे त्यांचे समान स्नेही डॉ. बेंजामिन रश यांनी दोघांचीही समजूत काढण्याचा ध्यास घेतला आणि १८१२ च्या प्रारंभी अ‍ॅडम्स यांनी पहिले पत्र लिहिले. पुढील चौदा वर्षांत १५८ पत्रांची देवाणघेवाण झाली. त्यांपैकी १०९ अ‍ॅडम्स यांची आणि ४९ जेफरसन यांची.  मरण्यापूर्वी परस्परांना आपले म्हणणे समजावून सांगितले पाहिजे, ही तळमळ अ‍ॅडम्स यांनी १८१३ मध्येच व्यक्त केली होती. मतभेद शेवटपर्यंत कायम राहिले; परंतु समोरचा असे का मानतो, हे जाणून घेण्याची इच्छा पुन्हा जागी झाली.

श्रोतेहो, या इच्छेचे तत्त्वज्ञान जैन आचार्यांनी फार पूर्वी मांडून ठेवले आहे. वस्तू अनंतधर्मात्मक आहे. तिच्या एखाद्या धर्माचे विशिष्ट दृष्टिकोनातून जे ग्रहण होते, तो नय. नय अपुरा असतो, पण खोटा नसतो. मात्र तोच नय जेव्हा इतर सर्व दृष्टिकोनांचा निषेध करू लागतो आणि आपला अंश म्हणजेच पूर्ण वस्तू असा हट्ट धरतो, तेव्हा त्याचा दुर्नय होतो. हत्ती आणि आंधळ्यांची कथा लहान मुलांनाही पाठ असते. परंतु तिचे मर्म पुष्कळदा निसटते. सोंड चाचपणाऱ्याचा अनुभव खरा होता. दोष शिरला तो दुसऱ्याच्या हाताला काहीच लागलेले नाही, असे त्याने ठरवले तेव्हा.

आजच्या अमेरिकेकडे या दृष्टीने पाहिले, तर तेथील दुभंगाचे स्वरूप स्पष्ट होते. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा वाद घ्यावा. २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० बालके आणि ६ मोठी माणसे गोळीबारात मृत्युमुखी पडली. मुलाला शाळेत सोडणाऱ्या शहरी मातेला बंदूक म्हणजे संहाराचे साधन वाटते. मोंटानासारख्या विस्तीर्ण राज्यात, जेथे पोलिसांना पोहोचायला बराच वेळ लागू शकतो, तेथील शेतकऱ्याला तीच बंदूक कुटुंबाचे रक्षण वाटते. अहिंसेच्या उपासकाचा कल कोणाकडे जाईल, हे सांगायला नको. परंतु त्या शेतकऱ्याच्या मनातील भय खरे आहे, हे नाकारले तर त्याच्याशी बोलण्याचा मार्गच बंद होतो. गर्भपात, स्थलांतरित, कर, हवामान अशा प्रत्येक प्रश्नावर असे दोन नय समोरासमोर उभे आहेत आणि दोन्ही दुर्नय होण्याच्या मार्गावर आहेत.

याची खूण संसदेच्या आकड्यांत दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तेथे सिनेटची संमती लागते. १९८६ मध्ये पुराणमतवादी विचारांचे अँटोनिन स्कालिया यांना ९८ विरुद्ध ० अशी मान्यता मिळाली. १९९३ मध्ये उदारमतवादी रूथ बेडर गिन्सबर्ग यांना ९६ विरुद्ध ३. पुढे २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ आणि २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांना ५३ विरुद्ध ४७ मते पडली. व्यक्तीची योग्यता मागे पडली; कोणत्या पक्षाच्या अध्यक्षाने नाव सुचवले, एवढेच उरले.

यामागे व्यवस्थेतील कारणेही आहेत. सत्तारूढ पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखल्या जातात. ही खोड जुनी आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एलब्रिज गेरी यांच्या नावावरून तिला ‘गेरीमँडरिंग’ हे नाव पडले. असे मतदारसंघ एकाच पक्षासाठी सुरक्षित झाले की खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते आणि तेथे अधिक कडवा उमेदवार पुढे जातो. प्रसारणात वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ मध्ये उठले. त्यानंतर वृत्तवाहिन्या आणि समाजमाध्यमे यांनी प्रत्येकाला आपलाच नय दिवसरात्र ऐकण्याची सोय करून दिली.

दुर्नयाची अंतिम परिणती हिंसेत होते. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसदभवनावर हल्ला केला. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हानियातील सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. जून २०२५ मध्ये मिनेसोटातील डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची हत्या झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये युटातील विद्यापीठाच्या आवारात पुराणमतवादी कार्यकर्ते चार्ली कर्क यांना गोळी घालण्यात आली. बळी दोन्ही बाजूंचे आहेत.

येथे एक आक्षेप समोर येतो आणि तो टाळून चालणार नाही. अनेकांत म्हणजे सर्वांचेच खरे काय? असे असेल, तर गुलामगिरीचा समर्थक आणि तिचा विरोधक यांनाही समान मान द्यावा लागेल. अ‍ॅडम्स यांनी कधी गुलाम बाळगले नाहीत. जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून ठेवले. एवढ्या मोठ्या पत्रव्यवहारात या प्रश्नावर मात्र दोघे फारसे मोकळे झाले नाहीत. त्यांच्या पिढीने जे टाळले, त्यावर पुढील पिढीने १८२० आणि १८५० मध्ये तडजोडी केल्या. त्या तडजोडींत ज्यांच्या पायात बेड्या होत्या, त्यांना कोणी विचारले नव्हते. १८५६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध बोलल्याबद्दल सिनेटर चार्ल्स सम्नर यांना सिनेटच्या सभागृहातच काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारहाण झाली. १८६१ ते १८६५ या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

म्हणून अनेकांताचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘स्यात्’ या पदाचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही. एका निश्चित अपेक्षेने, एका निश्चित बाजूने हे असेच आहे, असा त्याचा आशय आहे. स्याद्वाद हा संशयवाद असल्याचा आरोप जैन नैयायिकांनी याच आधारावर खोडून काढला. वस्तुस्थितीला दोन बाजू लावून तिचे सत्य अर्धे करता येत नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल उलटवण्यासाठी साठांहून अधिक दावे झाले आणि जवळजवळ सर्व निष्फळ ठरले. हे दृष्टिकोनाचे प्रकरण नव्हे. तसेच दोन मतांच्या मधोमध उभे राहणे म्हणजेही अनेकांत नव्हे. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याचा नय वगळून काढलेला मध्य हाही दुर्नयच.

सत्य न सोडताही समान भूमी सापडते, याचे उदाहरण १९६४ चे आहे. वंशभेद मोडणारा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हवा होता, परंतु त्यांच्याच पक्षातील दक्षिणेकडील सिनेटरांनी अखंड भाषणे करून तो अडवून धरला होता. तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील नेते एव्हरेट डर्कसन पुढे आले. त्यांनी मसुद्यावर आक्षेप घेतले, दुरुस्त्या सुचवल्या, मूळ तत्त्व मात्र राखले. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा संपवण्यात आली आणि पुढे कायदा संमत झाला. त्याचे श्रेय एका पक्षाचे नाही.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती स्कालिया आणि गिन्सबर्ग यांचेच. दोघांना ऑपेरा प्रिय होता आणि नववर्षाची पूर्वसंध्या त्यांची कुटुंबे एकत्र साजरी करीत. १९९६ मध्ये व्हर्जिनियातील लष्करी महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश द्यावा, असा बहुमताचा निकाल गिन्सबर्ग लिहीत होत्या आणि स्कालिया एकटेच विरुद्ध मताचे होते. त्यांनी आपल्या विरोधी निकालपत्राचा मसुदा मुद्दाम लवकर त्यांच्या हाती दिला, म्हणजे त्यांना उत्तराला पुरेसा वेळ मिळावा. त्या टीकेमुळे आपला निकाल अधिक सकस झाला, असे गिन्सबर्ग पुढे सांगत. प्रतिपक्षाला स्वतःहून वेळ देणे, ही बौद्धिक अहिंसा होय.

हे केवळ थोरांनाच साधते, असेही नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर ओहायो राज्यात ट्रम्प यांचे आणि हिलरी क्लिंटन यांचे काही मतदार एका खोलीत बसले आणि त्यातून ‘ब्रेव्हर एंजल्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या बैठकींची रचना आखणारे बिल डोहर्टी हे तुटू पाहणारी कुटुंबे सांधण्याचे काम करणारे तज्ज्ञ आहेत. बैठकीत प्रत्येक गट प्रथम दुसरे लोक आपल्याविषयी कोणते ग्रह बाळगतात, त्यांची यादी करतो. मग वस्तुस्थिती काय आहे, ते सांगतो. आणि शेवटी त्या आरोपात सत्याचा कण आहे काय, याचे उत्तर स्वतःच देतो. प्रतिक्रमण ज्यांच्या नित्याच्या आचारात आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. दुसऱ्याचे दोष मोजण्याआधी आपले आठवणे, हाच क्षमावाणीचाही प्राण आहे.

याच अमेरिकेत १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेला मुंबईच्या जैन असोसिएशनचे चिटणीस वीरचंद राघवजी गांधी गेले होते. ते जैन धर्माचे प्रतिनिधी होते. तरीही एका वक्त्याने हिंदू धर्मावर आघात केला, तेव्हा त्याला उत्तर देण्यास ते उभे राहिले. दुसऱ्याच्या बाजूने बोलणे त्यांना आपल्या धर्माशी सुसंगत वाटले. आज त्या देशातील कित्येक जैन केंद्रांत दिगंबर आणि श्वेतांबर प्रतिमा एकाच छताखाली विराजमान आहेत. मायभूमीत मात्र वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर दोन पंथांच्या वादामुळे सुमारे चार दशके कुलूपबंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये त्याचे दार उघडले. अमेरिकेला अनेकांत सांगणाऱ्याने ही गोष्टही ध्यानी ठेवलेली बरी.

४ जुलै २०२६ ही त्या जाहीरनाम्याची अडीचशेवी वर्षगाठ. तो दुभंग कोण सांधील, हे तेथील लोकांनी ठरवायचे आहे. परंतु डॉ. रश यांच्यासारखा दोघांचाही विश्वास लाभलेला मध्यस्थ आणि अ‍ॅडम्स यांच्यासारखा पहिले पत्र लिहिण्यास तयार असलेला माणूस, यांची गरज प्रत्येक समाजाला, प्रत्येक संघाला आणि प्रत्येक घराला असते. या सुवर्णमहोत्सवी वर्षात अबोला धरलेल्या एखाद्या बांधवाला प्रत्येक सभासदाने एक पत्र लिहिले, तरी महोत्सव सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!