शॉर्टकट छोटा, पण बसतो कुठे?

आज बोलूया मॉड केलेल्या निन्टेन्डो वीबद्दल. कन्सोल २००६ चा, पण होमब्रू टाकलं की अजून भारी चालतो.

होमब्रू अ‍ॅप राहतं एसडी कार्डवर. 'अ‍ॅप्स' फोल्डर, त्यात त्या अ‍ॅपचं फोल्डर, आणि आत 'बूट डॉट डीओएल' ही फाइल. होमब्रू चॅनल उघडलं की यादीत दिसतं. इथपर्यंत बिनधास्त. अ‍ॅप बिघडलं तर कार्डवरून उडवा, विषय संपला.

पण आपल्याला हवा असतो मेन मेन्यूवरच चौकोन. त्याला म्हणतात फॉरवर्डर चॅनल. त्यात अ‍ॅप नसतंच, नुसता पत्ता असतो: कार्डवर जा, अमुक फाइल चालू कर. म्हणून फोल्डरचं नाव बदललं की शॉर्टकट बंद.

खरी गोम पुढे आहे. फॉरवर्डर कार्डवर नाही, वीच्या आतल्या ५१२ एमबी मेमरीत बसतो. त्याचं चित्र, म्हणजे बॅनर, खराब असेल तर मेन्यू लोड होतानाच अडकतो. झाला कन्सोल ब्रिक!

म्हणून क्रम पाळा. आधी बूटमीने मेमरीचा बॅकअप घ्या, तो पीसीवर ठेवा. मग प्रायलोडर टाका. तो मेन्यूच्या आधी चालू होतो, त्यामुळे मेन्यू अडकला तरी होमब्रू चॅनलमध्ये शिरता येतं. फॉरवर्डर आधी पीसीवर डॉल्फिन इम्युलेटरमध्ये तपासा, मगच वीवर.

दोन क्लिक वाचवायला एवढा खटाटोप? हो. वी आता बनत नाही राव, गेला की गेला!