खिडकीमागचें पान

पोथी वाचतां वाचतां मध्येंच उठावें लागलें, तर जाणता वाचक पानांत खूण ठेवून उठतो. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर वाचणाऱ्यासाठीं ही खूण दुसऱ्या कोणीं तरी ठेवावी लागते.

लांबलचक पान समोर असतां त्यावर अकस्मात् एक चौकट उभी राहते. ‘रक्कम बरोबर आहे काय?’ असें कांहीं तरी ती विचारते, व उत्तर मिळेपर्यंत मागचें पान अंधुक होतें. संकेतस्थळें रचणारे कारागीर तिला ‘मोडल’ म्हणतात. चौकटींतला मजकूर वाचण्यासाठीं वाचक बोट फिरवितो. मजकूर संपतो आणि मागचें पानच सरकूं लागतें. चौकट मिटल्यावर पाहावें, तों मघांची ओळ नाहींशी! तरुणास हा त्रास क्षुल्लक वाटेल. परंतु निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणाऱ्या वृद्धास भरलेला मजकूरच गेला असें वाटतें.

यावर जुना उपाय म्हणजे चौकट उघडतांच पानास ‘ओव्हरफ्लो: हिडन’ ही आज्ञा देणें. तिनें पान थांबतें. पण संगणकावर कडेची सरकपट्टी लोपून सारा मजकूर किंचित् बाजूस उडी घेतो. ‘स्क्रोलबार-गटर: स्टेबल’ या आज्ञेनें पट्टीची जागा राखून ठेवली, म्हणजे ही उडी टळते.

आयफोनवरील सफारी ब्राउझर मात्र ती जुनी आज्ञा कित्येक वर्षें जुमानीत नसे. तेथें पान ‘पोझिशन: फिक्स्ड’ करून खिळवावें लागे. तसें केल्यास पान आरंभाशीं जाऊन बसतें. म्हणून वाचक किती खालीं आला होता तो आंकडा आधीं टिपावा, तितकेंच पान वर ओढून धरावें, व चौकट मिटतांच वाचकास तेथेंच पोंचवावें. ही शेवटची पायरी जो विसरला, त्यानें खूण काढून पोथी मिटली!

मार्च 2022 पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ‘डायलॉग’ हा तयार घटक मिळतो. त्याची ‘शोमोडल’ ही क्रिया मागच्या पानावरील कळा निश्चल करते. पण पानाचें सरकणें थांबवीत नाहीं. चौकटींत सरकणारा मजकूर असल्यास ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर: कंटेन’ ही आज्ञा तिची गति मागें जाऊं देत नाहीं, सफारींत ती 2022 च्या सप्टेंबरांत आली.

साधनें आतां पुरेशीं आहेत. चौकट मिटल्यावर वाचकाची दृष्टि पूर्वीच्याच ओळीवर पडली, तरच कारागिराचें काम पुरें झालें.