जादा कामाचे तास

(कामगारांच्या सभेंतील भाषण)

“माल आजच्या आज गेला पाहिजे” हें मालकाचें बोलणें नवें नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. 1884 सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सभा भरवून 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागितलें काय? आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. रविवारची सुटी 1890 सालीं मिळाली. पुढें 1905 च्या सुमारास विजेचे दिवे आले, आणि मालकाला सूर्यास्ताची अडचणच उरली नाहीं! गिरण्या चौदा-पंधरा तास चालूं लागल्या.

1948 च्या कारखाना कायद्यानें जादा कामास दुप्पट मजुरी ठरविली. ती 2020 च्या संहितेंतही कायम आहे. पण तासच कागदावर नाहींत, तर दुप्पट कशाची करणार? कोऱ्या मस्टरवर अंगठा उठवूं नका. मुकादमाकडे एकटे जाऊं नका. एकट्याला तो “उद्यां येऊं नको” म्हणतो, दहाजण गेले म्हणजे त्याला माल आठवतो. शिकत्या मुलीकडून रोज आल्या-गेल्याची वेळ वहींत लिहून घ्या. वही मात्र घरीं ठेवा, कारखान्यांत नको.