मुक्तस्रोत प्रकल्पाचे संकेतस्थळ : उभारणी आणि निगा

(भाषणाचा मजकूर)



महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना हाती घेतली. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. पुस्तके विकत घेणे हे अशा कार्याचे केवळ निम्मे अंग होय. सूची ठेवणे, पेटी वेळेवर पोचविणे, परत आलेले पुस्तक तपासून पुन्हा जागेवर लावणे, हे दुसरे अंग. आणि योजना टिकते ती याच अंगाच्या बळावर.

त्याच शहराचे नाव धारण करणारा ‘हिंद वडोदरा’ हा गुजराती व रोमन लिपींचा संगणकीय फाँट आज मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो, त्यात सुधारणा करून ती इतरांस देता येते. मात्र नुसता फाँट विकता येत नाही. ज्याची घडण अशी सर्वांस खुली असते, त्या कार्यास मुक्तस्रोत प्रकल्प म्हणतात. असा प्रकल्प कोठे मिळेल, कसा वापरावा, त्यात बदल कोणते झाले व चूक कोणास कळवावी, हे सांगणारे संकेतस्थळ त्यास आवश्यक असते.

याकरिता ‘स्थिर’ संकेतस्थळ सोयीचे ठरते. त्याची पाने आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवलेली असतात. मागणी येताच ती जशीच्या तशी पाठविली जातात. परिणामी खर्च अल्प येतो, मंद जोडणीवरही पान लवकर उघडते आणि घुसखोरीस वाव कमी राहतो. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेले जगातील पहिले संकेतस्थळ अशाच साध्या पानांचे होते. म्हणूनच २०१३ साली ते मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवता आले व आजही वाचता येते.

उभारणीची रीत अवघड नाही. मजकूर साध्या फाइलींत लिहावा. जेकिल किंवा ह्यूगो यांसारखे साधन तो ठरलेल्या साच्यात बसवून पाने तयार करते. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्मिलेली ‘गिट’ प्रणाली कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवते. त्यामुळे एखाद्या शिक्षकाने सुचविलेली दुरुस्ती दुसऱ्याने तपासून मगच स्वीकारता येते.

खरी कसोटी पुढेच लागते. संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीपुरतेच मिळते. नूतनीकरण चुकल्यास ते परक्याच्या हाती जाऊ शकते. आणि जुन्या पत्त्यावर विश्वासून फाइल उतरवून घेणाऱ्या खेड्यातील शाळेच्या पदरी फसवे सॉफ्टवेअर पडू शकते. यास्तव नाव संस्थेच्या नावे असावे, पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींपाशी असावेत व नूतनीकरणाची तारीख नोंदवहीत लिहिलेली असावी. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिचा क्रमांक, दिनांक, परवाना आणि बदलांची यादी द्यावी. दुवे ठरावीक काळाने तपासावेत. जुने पत्ते शक्यतो मोडू नयेत.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे अखेर फाइलींचा एक संच. त्याची संपूर्ण प्रत शाळेतील वा ग्रंथालयातील संगणकावरही ठेवता येते. एका व्यक्तीने काम सोडले तरी दुसऱ्याने ते उचलावे, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून केली, तरच जे सर्वांसाठी खुले केले आहे ते पुढील पिढीसही खुले राहील.