लूसी हॅरिस : पहिला बास्केट आणि त्यानंतर

('मुली आणि खेळ' या विषयावरील कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



मुलींनी खेळलं पाहिजे हे निदान या खोलीत तरी पटवून द्यायची गरज नाही. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल. वस्तीतल्या आया तो नेहमी विचारतात आणि आपण घाईनं टाळतो : खेळून पोरीचं पुढं काय होणार? हा प्रश्न मागासलेला नाही, पोटापाण्याचा आहे. म्हणून आज अमेरिकेतल्या एका बाईची हकिगत सांगते.

तिचं नाव लुशिया हॅरिस. सगळे लूसी म्हणत. जन्म 1955 चा, मिसिसिपी राज्यातल्या मिंटर सिटी या खेड्यातला. काळं, शेतावर राबणारं कुटुंब. अकरा भावंडांत ही दहावी. लहानपणी कापूस वेचलेला. ते काम काय असतं, तुम्हाला सांगायला नको. उंची सहा फूट तीन इंच, त्यावरून शाळेत टिंगल. रात्री झोपायच्या वेळी गोधडी पांघरून टीव्हीवर पुरुषांचे सामने बघायची.

1973 साली ती डेल्टा स्टेट या कॉलेजात गेली. प्रशिक्षक होत्या मार्गारेट वेड. या बाई तरुणपणी त्याच कॉलेजकडून खेळत असताना, 1930 च्या दशकात, कॉलेजनं मुलींचा संघच बंद केला होता. का? तर हा खेळ मुलींच्या प्रकृतीला झेपत नाही! मुलींनी आपले गणवेश जाळले, पण उपयोग झाला नाही. (उन्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या प्रकृतीची चौकशी तेव्हा कुणी केल्याचं ऐकिवात नाही.) सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करता येणार नाही, असा कायदा 1972 साली झाला. त्यानंतर, म्हणजे चाळीस वर्षांनी, संघ पुन्हा उभा राहिला. कायद्यानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

संघात लूसी एकटीच काळी. 1975, 1976 आणि 1977 अशी लागोपाठ तीन वर्षं संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल 1936 पासून होता, बायकांचा आला 1976 साली, मॉन्ट्रियलला. अमेरिकेचा सामना जपानशी होता. ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचा पहिला बास्केट केला तो लूसीनं. स्पर्धेत सुवर्णपदक सोव्हिएत संघाला आणि रौप्य अमेरिकेला मिळालं.

1977 मध्ये कॉलेज संपलं. वय बावीस. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं वार्षिक खेळाडू-निवडीत तिचं नाव घेतलं. तिला वाटलं, हा प्रसिद्धीचा खेळ आहे. शिवाय ती गरोदर होती. ती गेली नाही, आणि त्याचा तिला पश्चात्तापही नव्हता.

पत्रकारांना नेमकी हीच गोष्ट आवडते : बाई पुरुषांत खेळली असती तर! मला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. बाईनं पुरुषांच्या संघात शिरून दाखवावं ही अट कशाला? खरी गोष्ट अशी की त्या वर्षी तिच्या देशात बायकांसाठी व्यावसायिक लीगच नव्हती. 1978 साली एक लीग निघाली आणि 1981 मध्ये बंद पडली. तिच्यात लूसी ह्यूस्टनकडून एक हंगाम खेळली. पुढची टिकाऊ लीग, डब्ल्यूएनबीए, खेळायला लागली 1997 मध्ये. तेव्हा लूसी बेचाळीस वर्षांची होती.

मधल्या काळात तिनं कॉलेजात नोकरी केली, प्रशिक्षण दिलं, शाळेत शिकवलं, चार मुलं वाढवली. तिला बायपोलर हा मनाचा आजार जडला. खेळ सुटला म्हणून आजार झाला, असं मी म्हणणार नाही. मानसिक आजारात असं एका ओळीत कारण सांगता येत नाही. पण अशा आजारात पगार, उपचार आणि माणसांची सोबत किती लागते, हे आपल्यातल्या अनेकींनी जवळून पाहिलं आहे.

1992 मध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. तिथे पोहोचलेली ती पहिली काळी स्त्री. 2021 साली तिच्यावर एक छोटा माहितीपट निघाला. त्यात ती शांतपणे सांगते की मी पुरुष असते तर पुढे खेळायला वाट असती. 18 जानेवारी 2022 रोजी ती वारली. मार्चमध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

आता आपल्याकडे वळते. महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ वरचढ राहिला, हा योगायोग नाही. रेल्वेनं खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या. महिन्याचा पगार हाती आला की मुलगी पंचविशीतही खेळते आणि घरचेही लग्नाची घाई जरा कमी करतात. पण अशा जागा मोजक्या, आणि त्या मिळतात राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्यांना. वस्तीतली मुलगी तिथवर पोहोचेपर्यंत तिला कोण शिकवणार, तिच्या बुटांचे आणि प्रवासाचे पैसे कोण देणार?

मैदानासाठी महापालिकेला द्यायच्या निवेदनात सध्या फक्त जागा आणि संध्याकाळचे दिवे मागितले आहेत. त्यात पगारी महिला प्रशिक्षकाची जागाही मागावी, असं मला वाटतं. दुपारच्या सत्रात मसुदा समोर घेऊन त्यावर बोलू.