अणुस्फोटाचा विद्युत्-स्पंद आणि रुग्णाची खाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अणुबॉम्ब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हिरोशिमा उभे राहते. आज मी त्याच्या ज्या परिणामाविषयी बोलणार आहे त्यात कोणी भाजत नाही, भिंत कोसळत नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला. तेथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाई बेटांवर रस्त्यांवरचे काही दिवे विझले आणि धोक्याच्या घंटा आपोआप वाजू लागल्या. स्फोटातील गॅमा किरणांनी हवेतील इलेक्ट्रॉन मोकळे केले, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने ते वळवले आणि त्यातून क्षणार्धाचा प्रचंड स्पंद निर्माण झाला.

हा स्पंद लांब तारांत सर्वाधिक शिरतो. म्हणून पेसमेकर बसवलेल्या माणसाने सर्वांआधी घाबरावे, ही समजूत मला पटत नाही. ते यंत्र लहान, धातूच्या डबीत बंद आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारे असते. अधिक धोका आहे तो अतिदक्षता विभागातील रुग्णाला. कारण त्याचा व्हेंटिलेटर आणि औषधाचा पंप नाजूक चिपवर चालतो, आणि भिंतीतल्या तारेलाही जोडलेला असतो. जनरेटर आहे, असे कोणी म्हणेल. २०१२ साली सँडी वादळात न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर बंद पडले, तेव्हा परिचारिकांनी नवजात बालकांना हाताने श्वास देत जिन्यावरून खाली आणले.

येथे मला कोपनहेगन आठवते. १९५२ साली तेथे पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले येत होती आणि यंत्रे जवळजवळ नव्हतीच. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी सुचवले की गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यावी. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले; एक दिवस नव्हे, कित्येक आठवडे. विजेवाचून माणसे जगली, ती संघटित हातांमुळे.

तेव्हा तयारी म्हणजे घरोघरी पत्र्याचे डबे विकत घेणे नव्हे. राखीव उपकरणे तारेपासून सोडवून बंद धातूच्या कपाटात ठेवावीत, हे रुग्णालयांनी जरूर करावे. पण अंबू बॅग, पायाने चालणारे सक्शन, हाताने फुगवायचे रक्तदाबमापक, प्राणवायूचे भरलेले सिलिंडर आणि थेंब मोजून सलाईन लावण्याचा सराव अधिक मोलाचा. यंत्रावरचे डायलिसिस मात्र हाताने करता येत नाही. वीज गेली तर पाणी, मीठ आणि पोटॅशियम किती कमी करायचे, हे त्या रुग्णाला आधीच डॉक्टरांकडून लिहून मिळाले पाहिजे.

बॉम्ब पडेलच असे नाही. मार्च १९८९ मध्ये नुसत्या सौर वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला होता; आपल्याकडे तर जुलै २०१२ मध्ये अर्धा देश अंधारात होता. म्हणून पुढच्या महिन्यात आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जा. अंबू बॅग कोठे ठेवली आहे, तिचे रबर चिरले आहे काय, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ती वापरण्याचा सराव कोणी दिला आहे काय, एवढे विचारून या.